उसनी जीभ

आमच्या गावात टँकर आला की माणसं घागरी, हंडे, रंगाचे रिकामे डबे, हाताला लागेल ते घेऊन धावतात. अंबादासअण्णा पळी घेऊन येतात.

पळी देवपूजेची, तांब्याची. ती पाइपाखाली धरायची, घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटून या गालातून त्या गालात खेळवायचं, बाभळीच्या बुडाला चूळ टाकायची आणि निकाल सांगायचा. तोवर सगळी रांग खोळंबलेली. "धरणाचं हाय. तळ गाठलाय, गाळ लागतोय जिभेला." किंवा, "बोअरचं. लई खोल गेलते ह्या पाण्यासाठी." कुणी विचारलेलं नसतं. पाणी आहे, एवढंच रांगेला पुरतं. एकदा शांताबाई वैतागून म्हणाली, "अण्णा, थुकता कावून? गिळा तरी. तेवढाच एक घोट सार्थकी लागंल."

"गिळलं की जीभ बाजू घ्याया लागती," अण्णा म्हणाले. "थुकलं तरच निवाडा खरा."

हा निवाडा बहुतेक वेळा चुकतो, हेही सांगून टाकतो. ऐन दुष्काळात एकदा अण्णांनी चूळ टाकून जाहीर केलं, "ह्ये परक्या मुलखाचं पाणी. आपल्या खडकाचा गुणच न्हाई ह्यात." टँकरवाला चाकाला टेकून बिडी ओढत होता. तो म्हणाला, "अण्णा, ह्ये तुमच्याच वस्तीवरच्या हिरीचं हाय. तहसीलवाल्यांनी ताब्यात घेतली ना, तिच्यातूनच भरून आणलंय सकाळी."

रांग हसली. अण्णांनी पळी उपरण्याला पुसली आणि शांतपणे म्हणाले, "टँकरमधी बसून चार गावं फिरल्यावर पाण्याला बी वारं लागतं. मानसाला लागतं तसं."

अण्णांना मी ओळखतो ते गावच्या दूध संस्थेमुळे. मी संस्थेचा सचिव होतो आणि अण्णा संकलक. पहाटे माणसं कॅन घेऊन यायची, अण्णा आधी दुधात काटा सोडायचे, म्हणजे पाणी किती घातलंय ते कळायचं. नियम तेवढाच होता. पण अण्णांचा काट्यावर विश्वास नव्हता. "काट्याला काय कळतंय? त्येला तोंड हाय का?" असं म्हणून ते प्रत्येक कॅनमधला थेंब जिभेवर घ्यायचे. त्यांचे शेरे तीनच. "चालंल" म्हणजे वाईट. "बरं हाय" म्हणजे चांगलं. आणि क्वचित एखाद्या दुधाला ते डोळे उघडून म्हणायचे, "ह्येला भांडं येगळं ठिवा." तसं वेगळं भांडं संस्थेकडे नव्हतं. सगळं दूध एकाच पिंपात जायचं. पण ज्याच्या दुधाला तो शेरा मिळे, तो दिवसभर कॉलर वर करून हिंडे.

अण्णांची बायको लवकर गेली. घरात अण्णा आणि संदीप हा एकुलता मुलगा, आणि एक म्हैस. स्वयंपाक अण्णा स्वतः करत. त्यांच्या चुलीमागे ज्वारीच्या आंबिलीचं मडकं कायम असायचं. पीठ आंबायला लागलं की अण्णा मडक्याला कान लावायचे. संदीप शाळेत होता तेव्हा त्यालाही लावायला सांगायचे. "ऐक. बोलायलंय का? बोलल्याबिगर उतरवायचं न्हाई."

दुसऱ्यांच्या घरचंही त्यांना चाखल्याशिवाय राहवत नसे. लग्नघरी आचारी त्यांना लांबून बघितल्यावर वरणाच्या पातेल्यावर झाकण टाकायचा. एकदा माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला पाटोद्याकडे गेलो होतो. चहा आला. सगळे मुलीकडे बघत होते, अण्णा कपात. मुलीच्या बापाला ते म्हणाले, "तुमच्या म्हशीला सरकी कमी पडायलीय." बाप लाल झाला. परतीच्या वाटेवर पुतण्या अण्णांशी बोलला नाही. लग्न झालं ते पुढच्या महिन्यात अण्णांनी सरकीचं पोतं पाठवल्यावर.

गळ्यात तुळशीची माळ. मांस नाही, मद्य नाही. वडिलांनी घातलेली ती माळ अण्णांनी आंघोळीलासुद्धा काढलेली नाही.

आणि याच माळकऱ्याच्या मुलाने बिअर काढायला घेतली.

संदीप साखरेचं शिकला होता. जवळच्या सहकारी कारखान्यात प्रयोगशाळेत लागला. मग पावसाने दोन-तीन वर्षं दगा दिला, ऊस संपला, कारखान्याची धुराडी गार पडली. जनावरं छावणीला गेली, तशी दूध संस्थाही खंगली. संदीप पुण्याला गेला आणि दोन मित्रांना घेऊन त्याने बिअरचा छोटा कारखाना टाकला. छोटा म्हणजे खरंच छोटा, आमच्या संस्थेच्या दोन खोल्यांएवढा. गावाने एका आठवड्यात त्याला नाव दिलं, दारूची भट्टी.

अण्णांनी मात्र वेगळंच सांगायला सुरुवात केली. "संदीप पाण्याच्या धंद्यात हाय. पानी शुद्ध करतो, पुन्याला." सगळ्यांना खरं माहीत होतं. सगळे "व्हय का" म्हणायचे.

संस्थेच्या शेवटच्या सभेतली गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. दूध नासतंय, वरच्या संघाकडून परत येतंय, यावर बोलणं चाललं होतं. बबन उठला. बबन म्हणजे अण्णांचा शेजारी, तोंडाने मोकळा. म्हणाला, "माळकऱ्याचं पोरगं दारू गाळतंय, आन् आपण बापाच्या जिभेवर दूध घेतो. नासंल न्हाई तर काय हुईल?" सभा खो खो हसली. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी कुणाकडे बघितलंय असं वाटलं नाही. सभा संपल्यावर संस्थेची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि पायात चपला सरकवून गेले.

हसणाऱ्यांत मी होतो. आणि आदल्या संध्याकाळी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मागच्या बाजूच्या टेबलाशी बसून मी एक बिअर प्यायलो होतो. दर शनिवारी पितो. बायकोला सांगतो बँकेचं काम, आणि एस.टी.त बसायच्या आधी मूठभर बडीशेप चावतो. हे गावात कुणालाही माहीत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. मी तेव्हा उठून एक वाक्य बोलू शकलो असतो. बोललो नाही. गप्प बसणं हा माझा स्वभाव म्हणतात लोक. मला तो बरेच दिवस स्वभाव वाटत नाही.

त्यानंतर अण्णांची जीभ बेकार झाली. पहाटे उठून कॅनची वाट बघायला कुणी नव्हतं. मग ते पळी घेऊन टँकरला यायला लागले. संदीप दिवाळीला यायचा, एक रात्र राहायचा. बापलेक पावसाबद्दल बोलायचे, म्हशीबद्दल बोलायचे. धंद्याचं नाव कुणी काढायचं नाही.

यंदा पाऊस बरा झाला, ज्वारी आली. संक्रांतीच्या आधी संदीपचा मला फोन आला. "काका, रविवारी हुरड्याला येतोय. सोबत आमची थंडीतली बिअर आणतोय. ही फक्त हिवाळ्यात काढायची, नंतर बंद. आपल्या ज्वारीची केलीय. अजून नाव ठेवलेलं नाही."

"अण्णांच्या वस्तीवर बिअर?" मी म्हणालो.

"त्यांनीच बघावी म्हणून तर आणतोय. त्यांनी तोंड फिरवलं तर मी ती विकणार नाही, काका. आणि परत वस्तीवर कोणत्या तोंडाने यायचं, तेही मला कळणार नाही. तुम्ही थांबा तिथे. एवढंच करा."

रविवारी सकाळी वस्तीवर गेलो. शेताच्या कडेला खड्डा करून आगटी पेटवलेली. अण्णा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होते. बबन न बोलावता आलेला. संदीप विहिरीतून बादली ओढत होता. बादलीत सहा बाटल्या, बिनकागदाच्या, तपकिरी.

"काय बे संद्या," बबन म्हणाला, "थंडी वाजायली का लई? औषध आणलंस वाटतं."

संदीपने एक बाटली आणून अण्णांसमोर ठेवली. आम्ही तीन मोठी माणसं त्या बाटलीकडे बघत बसलो. अण्णांनी आधी हातातलं कणीस भाजून घेतलं, दोन्ही हातांवर चोळलं, दाणे ताटलीत पाडले. मग म्हणाले, "उघड."

संदीपने ती स्टीलच्या पेल्यात ओतली. रंग गुळाच्या पाकासारखा, वर जाड फेस. अण्णांनी पेला हातात घेतला. बबनचं तोंड उघडंच राहिलं. अण्णांनी पेला कानाला लावला.

"बोलायलीय," ते म्हणाले. फेसाकडे बघून म्हणाले, "फेस म्हशीच्या धारंवानी हाय. टिकतो."

मग त्यांनी कोपरीच्या खिशातून दुधाचा काटा काढला. संस्था मोडली तेव्हा तो काटा मला कुठेच सापडला नव्हता. आता सापडला. अण्णांनी तो पेल्यात सोडला. काटा गपकन बुडाला, तळाला टेकला.

"पानी लई हाय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हे दूध नाही," संदीप म्हणाला. "बिअर पातळच असते. जवळपास सगळं पाणीच असतं."

अण्णांनी बबनकडे बघितलं. "मी काय सांगत हुतो इतके दिस? पान्याच्या धंद्यात हाय."

बबनने चेव येऊन म्हटलं, "अण्णा, मग घ्याच की एक घोट. माळ खुंटीला अडकवा, प्या, परत घाला. लई जण करतात."

"आन् मग वैकुंठाला खुंटी जाईल, मी हितंच ऱ्हाईन."

"मग मी पितो तुमच्या वतीनं."

"तुझी जीभ न्हाई बबन, नरसाळं हाय. आत काय गेलं त्येचा पत्ता लागत न्हाई. जा, घरून दही घिऊन ये हुरड्याला."

बबन कुरकुरत गेला. अण्णांनी पेला माझ्याकडे सरकवला. "सचिव, तुमी प्या. मी चव बघतो."

"मी?" मी म्हणालो. "अण्णा, मी कुठे घेतो..."

"बडीशेप मानूस जेवल्यावर खातो," अण्णा निखारे उकरत म्हणाले. "तुमी शनवारी जेवायच्या आधीच खाऊन येता. इतकी वरसं एस.टी. थांब्यावर वास घेतलाय मी. वहिनींनी बी घेतला आसंल. पर त्या माझ्यावानी बोलत न्हाईत."

संदीपने मान खाली घातली. हसत होता की काय, मला दिसलं नाही. मी पेला घेतला. एक घोट घेतला, गिळला.

"बरी आहे," मी म्हणालो.

"ह्ये सभेतलं बरं झालं," अण्णा म्हणाले. "हितं खरं सांगा. पोरगं दीडशे मैलावरून आलंय."

सभा हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मला तो सहज गेला नाही. पेला मांडीवर धरून मी म्हणालो, "अण्णा, त्या सभेत मी हसलो होतो."

"म्हाईत हाय. तुमी हसता तवा दात दिसत न्हाईत, पर खांदे हलतात. मी समोरच बसलो हुतो." त्यांनी एक कणीस उलटं केलं. "प्या आता. ऊन चढल्यावर चव बदलंल."

एवढंच. मी इतकी वर्षं जे उचलून फिरत होतो, ते त्यांनी कणसाबरोबर उलटून टाकलं. मी दुसरा घोट घेतला आणि या खेपेला लगेच गिळला नाही. अण्णा करतात तसा या गालातून त्या गालात फिरवला.

"कुठं लागतीय?" अण्णांनी विचारलं. त्यांनी डोळे मिटले होते. "शेंड्याला का मागं?"

"आधी मागे. कडू. कारल्यासारखं नाही, मेथीसारखं."

"मग?"

"मग गूळ येतो. थोडाच. आणि बाजूने आंबट."

"दह्याचं का चिंचंचं?"

"नाही." मी अजून एक घोट घेतला. "आंबिलीचं. तुमच्या मडक्यातल्या."

अण्णांचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच. "किती दिसाची आंबील?"

"ते मला नाही सांगता येत, अण्णा. पण उतरवली वेळेवर."

संदीपच्या हातात हुरडा होता. तो खात नव्हता.

"आन् शेवटाला?"

शेवटी धूर होता. आमच्यासमोरच्या आगटीतला, कणसाला लागतो तोच गोवऱ्यांचा धूर. पहिल्या घोटाला मजा वाटली होती. आता घशाशी राहिला आणि मागची सगळी चव झाकून बसला. एरवी मी ते सांगितलं नसतं. मुलगा समोर बसलेला, बाप डोळे मिटून बसलेला, अशा वेळी माझ्यासारखा माणूस "छान आहे" म्हणतो आणि घरी जातो.

"शेवटी धूर आहे," मी म्हणालो. "आगटीचाच. पण जास्त झालाय. कडवट, डोळ्यांत जातो तसा. मागचं काही राहू देत नाही."

संदीपचा चेहरा उतरला. अण्णांनी डोळे उघडले आणि त्या सकाळी पहिल्यांदा सरळ मुलाकडे बघितलं.

"ज्वारी कशावर धुरवलीस?"

"गोवऱ्यांवरच, अण्णा."

"वल्ल्या हुत्या?"

"थोड्या. तिकडे वाळलेल्या मिळत नाहीत नीट. पूजेसाठी पाकिटात मिळतात, त्याच आणल्या."

"पाकिटात," अण्णा म्हणाले. "इकत आणल्यास? हितून कावून न्हाई नेल्यास?"

संदीप सांगणार तरी काय? भट्टीसाठी गोवऱ्या द्या, असं माळकरी बापाला फोन करून विचारायचं?

अण्णांनी गोठ्याकडे हात केला. भिंतीला छपरापर्यंत रास लागलेली होती. एका म्हशीच्या शेणाच्या, एकट्या माणसाने थापलेल्या, कडक वाळलेल्या गोवऱ्या. "चूल माझी एका भाकरीची," ते म्हणाले. "एवढ्या कुनासाठी रचतो म्हणून बबन इचारतो. काय सांगू त्येला?"

बबन दही घेऊन परत आला तेव्हा अण्णा आणि संदीप दोघे मिळून गाडीच्या डिकीत गोवऱ्यांची पोती भरत होते.

"अण्णा," बबन म्हणाला, "भट्टीला सरपण?"

"पानी तापवायला," अण्णा म्हणाले.

निघताना संदीप बापाच्या पाया पडला आणि तसाच उभा राहिला. त्याला शेरा हवा होता.

"चालंल," अण्णा म्हणाले.

तीन शेऱ्यांतला सगळ्यात खालचा. संदीप एवढा हसला की मला वाटलं, याला संस्थेतलं काही आठवत नसावं. गाडी सुरू करताना त्याने काच खाली केली. "काका, तुम्ही म्हणालात तेच नाव ठेवतो. आगटी."

थंडी सरायच्या आत दुसरी खेप आली. या वेळी बाटलीवर कागद होता, त्यावर नाव आणि ज्वारीचं कणीस. वस्तीवर अण्णांनी डोळे मिटले, मी प्यायलो. धूर आता पुढे न येता मागे उभा होता, दाराशी थांबलेल्या पाहुण्यासारखा. मी तसं सांगितलं. अण्णांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "ह्येला भांडं येगळं ठिवा." फोनवर हे मी संदीपला सांगितलं, तर त्याने ते मला तीनदा म्हणायला लावलं.

घरी गेलो ते बडीशेप न खाता. बायको म्हणाली, "आज विसरलात वाटतं."

फाल्गुन सरता सरता टँकर पुन्हा सुरू झाले. पहिल्या दिवशी रांगेत अण्णा दिसले, पण हातात पळी नव्हती. रिकामी, धुतलेली बाटली होती. माळकरी माणूस, भर चौकात, देवळासमोर, हातात बिअरची बाटली, कागद बाहेरच्या बाजूला वळवलेला. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अण्णा," बबन म्हणाला, "हातात काय ह्ये?"

"पोराच्या कारखान्याची हाय," अण्णा म्हणाले. पाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्यांनी बाटली पाइपाखाली धरली, भरली, तोंडाला लावली. घोट या गालातून त्या गालात फिरला. शांताबाई बाभळीपासून बाजूला सरकली. अण्णांनी चूळ टाकली नाही. गिळलं.

"कुठलं हाय आज, अण्णा?" तिने विचारलं.

"घरचं," अण्णा म्हणाले.

पाणी त्या दिवशी तिसऱ्या गावच्या बोअरचं होतं. टँकरवाला ते सांगायला तोंड उघडतच होता. मी त्याच्याकडे बघून नुसती नको म्हणून मान हलवली.